काच साखरते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका कारखान्यात शेजारचा मुलगा प्रयोगशाळा सांभाळतो. मागच्या एका हंगामात तो जेवणाचा डबा घरी विसरला, म्हणून मी तो पोचवायला गेलो. पोरगं एका काचेच्या नळीत गुंतलं होतं. नळीच्या टोकाला करवंदाएवढा काचेचा फुगा. तो फुगा द्राक्षाच्या रसात बुडवला, की शेजारच्या यंत्रावर आकडा उमटायचा. त्या वेळी ३.४ उमटला.

"यावरून रस किती आंबट आहे ते कळतं, चाचा."

मी विचारलं, "पण फुग्याला भोक कुठे आहे? रस आत जातो कुठून?"

"भोक नाहीच. काचेतूनच कळतं."

काम झाल्यावर त्याने नळी धुतली आणि क्षाराच्या पाण्यात उभी करून ठेवली. म्हणाला, "हिला कोरडं पडू द्यायचं नाही. पाण्यात राहिली की काचेवर एक पातळ थर तयार होतो. काचेतला सोडियम किंवा लिथियम बाहेर पडतो आणि पाण्यातला हायड्रोजन त्याच्या जागी शिरतो. तो थर आहे म्हणून हे चालतं."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. सोडियम कुठून निघतो आणि कुठे जातो याच्याशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. पण ते वाक्य ऐकलं आणि मला एकदम १९८१चा पावसाळा आठवला.

आम्ही मण्यार. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. विंचूरच्या पेठेत अब्बांचं दुकान होतं आणि आसपासच्या खेड्यांत त्यांची फेरी असायची. ज्या वाड्यात परका पुरुष ओसरीच्या पुढे जाऊ शकत नसे, तिथे अब्बा माजघराच्या उंबऱ्याशी बसून लेकीसुनांचे हात हातात घेत. लग्नाचा हिरवा चुडा, डोहाळजेवणाच्या बांगड्या, संक्रांतीच्या बांगड्या, सगळं त्यांच्या हातून. बांगडी पिचली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, हे मी शाळेच्या आधी दुकानात शिकलो.

माल फिरोजाबादहून यायचा. एका व्यापाऱ्याशी अब्बांचा वीस वर्षांचा व्यवहार होता. त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आलेला माल त्यांनी दुकानामागच्या कोठीत पेंढ्यासकट रचून ठेवला. नागपंचमीच्या सुमाराला खोकी उघडली, तर खालच्या फळीवरच्या बांगड्यांचं तेज गेलेलं. काचेवर धुकं आल्यासारखं. उजेडात धरलं तर कुठे कुठे मोरपिशी झाक दिसे. अब्बा तरुणपणी एकदा फिरोजाबादला जाऊन भट्ट्या पाहून आले होते. कुंडीच्या थंड कोपऱ्यात फार वेळ पडून राहिलेल्या काचेत पांढरे कण धरतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. त्यांनी एक बांगडी बोटावर फिरवली आणि निकाल दिला, "काच साखरली. पुन्हा पुन्हा वितळवलेला माल गळ्यात मारला."

व्यापाऱ्याचं हिंदीतलं कार्ड आलं. त्याचा आशय एवढाच, की माल इथून निघाला तेव्हा आरशासारखा होता, तुमच्या कोठीतली ओल बघा. अब्बांना तो अपमान वाटला. त्यांनी बाकीचे ४१२ रुपये दिले नाहीत. व्यवहार तुटला तो कायमचा. अब्बांच्या वहीत त्या नावापुढे ४१२ हा आकडा अजून तसाच आहे, त्याखाली रेघ नाही.

आमच्यात मयताचं कर्ज वारसांवर येतं. अब्बा गेल्यानंतर मी सगळ्यांची देणी फेडली, या एका आकड्याशी मात्र थांबलो. काच खरंच साखरलेली असेल, तर ते कर्ज नव्हतंच. नसेल, तर ते माझ्या मानेवर होतं. त्या काचेच्या फुग्याने मला पुन्हा त्या आकड्याजवळ आणून उभं केलं. मग वर्षभर मी मिळेल तिथून काचेबद्दल वाचत आणि विचारत राहिलो. आजचं बोलणं हा त्याचाच हिशोब आहे.

'साखरणं' हा शब्द अब्बांनी किती नेमका वापरला होता, हे आधी सांगतो. लिमलेटची गोळी आठवा. आरपार दिसते, दाताखाली काचेसारखी फुटते. आता पाडव्याच्या गाठी आठवा. त्या पांढऱ्या, अपारदर्शक, दाणेदार. दोन्ही साखरच. गोळीत साखरेचे रेणू जसे सापडले तसे, गर्दीत उभे राहावेत तसे गोठले. गाठीत ते कवायतीला उभे राहिले, रांगेत. रांगेतल्या रचनेला स्फटिक म्हणायचं आणि गर्दीतल्या रचनेला काच. पाक करताना घरातल्या बायका लिंबू पिळतात. आंबटपणाने साखरेचा काही भाग दोन वेगळ्या साखरांत फुटतो, रांगेत परके घुसतात, आणि रांग लागत नाही. पाक साखरत नाही. काच कारखानदारांची सगळी विद्या म्हणजे हे लिंबू केव्हा आणि किती पिळायचं याची विद्या.

बांगडीची काच बहुतांशी वाळूची, म्हणजे सिलिकाची. शंभर भागांत सत्तरच्या वर सिलिका, पंधराच्या आसपास सोडा आणि उरलेला मुख्यतः चुना. सिलिका एकटी वितळवायची तर १७०० अंशांवर उष्णता लागते. सोडा घातला की ती बरीच खाली नरमते. चुना घातला नाही तर ती काच पाण्यात विरघळेल. हे तिघांचं राज्य फार जुनं. आपल्याकडच्या काचेचा इतिहास मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी लिहिला. मुंबई विद्यापीठाने १९६९ साली तो इंग्रजीत प्रसिद्ध केला. उत्खननांतून निघालेल्या मण्यांचा आणि बांगड्यांचा त्यांनी फार बारकाईने अभ्यास केला होता. मण्याराच्या पोराने तो ग्रंथ पन्नाशीत पाहावा याची मला लाज वाटली, हेही सांगून टाकतो.

काच साखरते याची पद्धतशीर नोंद पहिल्यांदा केली ती फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी, १७३९ साली. त्यांनी साध्या काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समच्या भुकटीत पुरल्या आणि कुंभाराच्या भट्टीत बराच काळ तापवल्या. बाटल्या वितळल्या नाहीत, त्या चिनीमातीसारख्या पांढऱ्या झाल्या. रेओम्यूर यांना चिनीमातीचं गुपित सापडल्यासारखं वाटलं. पण त्या भांड्यांचा धंदा झाला नाही. कण केव्हा धरतील, किती मोठे होतील, यावर त्यांचा ताबा नव्हता. तो ताबा यायला आणखी दोनशे वर्षं लागली.

साखरण्याच्या दोन पायऱ्या असतात, आणि त्या एकाच तापमानावर घडत नाहीत. आधी बी धरतं, मग ते वाढतं. बी धरायला कमी उष्णता पुरते, वाढायला जास्त लागते. काच फार गरम असली तर रांग टिकत नाही, फार थंड असली तर रेणूंना हलता येत नाही. या दोहोंमधला पट्टा धोक्याचा. साध्या काचेसाठी तो साधारण सातशे ते हजार अंशांचा. काम करणाऱ्याने तो पट्टा झपाट्याने ओलांडायचा आणि मग खाली, साडेपाचशेच्या आसपास, काचेला सावकाश विसावू द्यायचं, नाहीतर ती आतल्या ताणाने तडकते.

ही विद्या महाराष्ट्रात आली ती स्वदेशीच्या लाटेत. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. टिळकांचा आणि आमच्या गावाचा एक धागा आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही. पानिपतावर लढलेले विठ्ठल शिवदेव विंचूरकर आमच्या गावचे जहागीरदार. त्यांच्या घराण्याचा पुण्यातला विंचूरकर वाडा प्रसिद्ध आहे. टिळक काही वर्षं त्याच वाड्यात राहत. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घराघरांत गेला. कंदिलाची काच म्हणजे रोज तापणारी आणि रोज थंड होणारी काच. ती टिकवणं सोपं नव्हतं. आमच्या दुकानातही एक प्रभाकर होता. त्याची काच राखेने पुसणं हे माझं काम.

आता त्या फुग्याकडे येतो, म्हणजे काचेतून वीज कशी जाते याकडे. आपण शाळेत शिकलो, काच विजेला अडवते. घरातल्या थंड काचेबद्दल ते खरं आहे. पण काच तापवली की ती हळूहळू विजेला वाट देऊ लागते. ती वाट तांब्याच्या तारेसारखी नाही. तारेत इलेक्ट्रॉन धावतात, काचेत सोडियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारत जातात. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे एमिल वारबुर्ग यांनी १८८४ साली हे अशा रीतीने दाखवलं, की वादाला जागा उरली नाही. त्यांनी काचेच्या एका बाजूला सोडियम मिसळलेला पारा ठेवला, दुसऱ्या बाजूला शुद्ध पारा. काच सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापवून वीज सोडली. पलीकडच्या शुद्ध पाऱ्यात सोडियम आला, आणि जितकी वीज गेली तिच्या हिशोबातच आला. मधली काच शाबूत. भिंतीला भोक न पडता माणूस पलीकडच्या खोलीत जावा, तसं झालं.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण माझा सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. काचेत एक चौकट असते आणि काही भाडेकरू असतात. सिलिकाची चौकट, सोडियम भाडेकरू. वीज न्यायला फक्त भाडेकरूंनी हलावं लागतं. साखरायला मात्र खुद्द चौकट मोडून नव्याने रचावी लागते. भाडेकरू थंडीतही थोडे सरकतात. चौकट आपल्या घरातल्या उष्णतेला हलतच नाही. जुन्या खिडक्यांच्या काचा ओघळून खाली जाड होतात म्हणतात, तीही दंतकथाच. त्या काचा बनल्याच कमी-जास्त जाडीच्या.

भाडेकरूंच्या या हालचालीचा उपयोग पहिल्यांदा आंबटपणा मोजायला झाला. १९०६ साली माक्स क्रेमर यांना दिसलं, की पातळ काचेच्या दोन बाजूंना वेगवेगळी आंबट द्रावणं असली तर काचेवर विजेचा दाब निर्माण होतो. १९०९ साली फ्रिट्झ हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी त्यावरून मोजण्याची रीत बसवली. पण त्या फुग्याचा विरोध दहा कोटी ओहमच्या घरात. त्यातून येणारा प्रवाह इतका क्षीण, की तो वाचायला चांगलं यंत्र नव्हतं. १९३४ साली अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी ते बनवलं. कशासाठी, तर लिंबांचा रस किती आंबट आहे हे त्यांच्या एका मित्राला मोजायचं होतं! लिंबू इथेही आहेच.

या फुग्याच्या काचेत गंमत आणि संकट एकाच जागी आहे. वीज चांगली जावी म्हणून त्यात हलके, चपळ लिथियम आयन घालावे लागतात. पण लिथियमची काच साखरायला उतावीळ. फुगा फुंकतानाच ती पांढरी पडू शकते. मग कारागीर तिच्यात लॅन्थॅनम, सिझियम अशी जड, अवजड माणसं घालतात. रांगेत परके घुसवण्याचाच हा प्रकार.

ताबा मिळाला तोही लिथियमच्याच काचेवर, आणि तो एका चुकीतून. १९५३च्या सुमाराला अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी एक लिथियमयुक्त काच सहाशे अंशांना तापवत होते. भट्टीचा ताबा सुटला आणि ती नऊशेवर गेली. स्टूकींना वाटलं, आत आता नुसतं थारोळं असणार. उघडून पाहतात तर काच वितळलेली नाही, पांढरीशुभ्र झालेली. चिमट्यातून ती निसटली, फरशीवर धातूसारखी खणखणली, आणि फुटली नाही. तिच्यात अगणित सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी धरले होते. तडा एका स्फटिकापाशी अडतो, वळतो, दमतो. स्टोव्हवरून फ्रीजमध्ये जाणारी भांडी त्यातून निघाली. आज दंतवैद्य दातावर बसवतात त्या टोप्यांतही लिथियमची साखरलेली काच असते. रेओम्यूर यांना हातातून निसटलेली गोष्ट दोनशे वर्षांनी अशी हाती आली.

पण काच साखरली की तिच्यातली वीज मंदावते, निदान लिथियम सिलिकेटच्या बाबतीत. कारण सरळ आहे. गर्दीत फटी असतात, रांगेत नसतात. भाडेकरूला सरकायला मोकळी गर्दीच बरी. म्हणून विजेसाठी काच बनवणारे लोक साखरण्याला शत्रू मानत. हा शत्रू नेमक्या कुठल्या तापमानाला उठतो, किती जोराने उठतो, याचा शोध आपल्या नागपुरातही बराच झाला. नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून लिथियम बोरेटसारख्या आयनवाहक काचांवर सातत्याने काम झालं आहे.

मी नागपूरला कविसंमेलनाला गेलो होतो, तेव्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका रसिक गृहस्थांनी मला याची रीत समजावली. वितळलेला रस धातूच्या दोन पाट्यांमध्ये ओतून झटक्यात दाबायचा, म्हणजे रांग लागायला वेळच मिळत नाही. मग त्या काचेचा चिमूटभर तुकडा ठरावीक गतीने तापवायचा, मिनिटाला पाच अंश, दहा अंश, वीस अंश. कागदावर रेघ उमटत जाते. आधी एक छोटी घसरण दिसते, तिथे काच नरम झाली. नंतर एकदम उंच शिखर, तिथे ती साखरली, आणि साखरताना तिने उष्णता बाहेर टाकली. तापवण्याची गती वाढवली की शिखर पुढे सरकतं. किती सरकलं यावरून किसिंजर यांच्या १९५७च्या सूत्राने साखरायला किती रेटा लागतो ते काढता येतं. मी म्हटलं, "म्हणजे काचेचा ईसीजीच." ते म्हणाले, "कवीला एवढं कळलं तरी पुष्कळ."

या शत्रूचाही पुढे मित्र झाला. १९९१ साली जपानच्या तात्सुमिसागो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या आयोडाइडचा एक अवतार पकडला. हा अवतार वीज फार छान नेतो, पण एरवी १४७ अंशांच्या वरच जिवंत राहतो. त्यांनी काचेच्या कुशीत त्याचे बारीक स्फटिक असे गोठवले, की ते आपल्या खोलीतल्या उष्णतेलाही टिकले. पुढे लिथियम, फॉस्फरस आणि गंधकाच्या काचेत त्याच परंपरेतल्या लोकांनी २००५च्या सुमाराला दाखवलं, की ती नेमक्या बेताने साखरवली तर वीज मंदावण्याऐवजी कित्येक पट वाढते. आत जो स्फटिक उगवतो, त्याच्या रांगांमध्येच भाडेकरूंसाठी रुंद गल्ल्या असतात.

याला आज एवढं महत्त्व का, तर बॅटरी. मोबाइलमधली आणि आता आमच्या पेठेतून आवाज न करता जाणाऱ्या स्कूटरमधली लिथियमची बॅटरी आतून ज्वलनशील द्रवाने भिजलेली असते. बिघडली तर पेट घेते. त्या द्रवाच्या जागी आयन नेणारी काच किंवा साखरलेली काच बसवायची, यासाठी जगभर धडपड चालली आहे. गंधकाच्या काचेची अडचण अशी, की दमट हवा लागली तर ती सडक्या अंड्यांचा वास सोडते आणि खराब होते. ओल, पुन्हा ओलच. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो.

आणखी एका ठिकाणी काचेने साखरू नये अशी गरज आहे, आणि तिथली गरज बांगडीपेक्षा फार मोठी. अणुभट्टीतलं जळण वापरून झालं की मागे जे उरतं, त्यातला सर्वांत घातक द्रव आपल्याकडे तारापूर आणि तुर्भे इथे काचेत मिसळून गोठवतात. सोडियम आणि बोरॉन घातलेली काच. तारापूरला ही काच वितळवण्याची एक रीत अशी आहे, की वितळत्या काचेतूनच वीज सोडायची. काच स्वतःच स्वतःची शेगडी होते. मात्र थंड काच वीज नेत नाही, म्हणून सुरुवातीला तिला बाहेरून ऊब द्यावी लागते आणि मगच ती वारबुर्ग यांच्या वाटेने चालू लागते. पुढे ही काच पोलादी डब्यात ओततात. डबा बाहेरून निवतो, मधला गाभा मात्र बराच वेळ गरम राहतो, आणि धोक्याचा पट्टा तिथे सावकाश ओलांडला जातो. तिथे कण धरले तर काही स्फटिक निरुपद्रवी असतात. पण काही असे, की ते चौकटीची माणसंच ओढून नेतात आणि उरलेली काच दुबळी होते. दुबळ्या काचेतून पाणी विष काढून नेऊ शकतं. सिझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. म्हणजे ती काच आपल्या नातवंडांच्या पणतवंडांपर्यंत शहाणी राहिली पाहिजे. तिथल्या शास्त्रज्ञांना शेवटी काळजी कसली, तर आगीने काच साखरेल का आणि पाण्याने झिजेल का, याचीच.

आगीने आणि पाण्याने. माझा निकाल इथेच होता.

अम्माने त्या मालातली एक बांगडी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली होती, ती मला सापडली. शेजारच्या मुलाकडच्या भिंगाखाली आम्ही ती पाहिली. साखरलेल्या काचेवर बारीक कणांचा खडबडीतपणा असतो. इथे तसं नव्हतं. वर पातळ पापुद्रा होता, कांद्याच्या सालीसारखा सुटू पाहणारा, आणि त्यावर तीच मोरपिशी झाक. हे पाण्याचं काम. हवेतल्या ओलीने काचेतला सोडियम बाहेर ओढला आणि त्या जागी पाण्यातला हायड्रोजन शिरला. फुग्यावर मुद्दाम ठेवतात तोच थर, इथे नको असताना आलेला. बाहेर आलेल्या सोडियमचा हवेशी मिळून खार झाला आणि तेच ते धुकं. अम्माने त्या वेळी काही बांगड्या लिंबाच्या पाण्यात धुतल्या होत्या आणि त्यांतल्या थोड्या उजळल्याही होत्या, हे आता आठवलं. आंबटाने खार निघतो, साखरलेली काच लिंबाने उजळत नाही. शिवाय माल आला तेव्हा चकचकीत होता, हे अब्बांनी स्वतःच वहीत लिहून ठेवलं होतं. आणि कोठीतल्या फळीवर काच साखरायची, तर कोठी सातशे अंशांना तापायला हवी होती.

म्हणजे व्यापारी खरं बोलत होता. पण पूर्ण खरं नाही. वरच्या फळीवरचा दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल त्याच कोठीत, त्याच पावसाळ्यात नीट राहिला होता. वरची फळी कोरडी होती, हे कबूल. तरी ज्या काचेत सोडा जास्त आणि चुना कमी, ती ओलीला लवकर बळी पडते, आणि सोडा जास्त घातला की काच कमी आचेवर वितळते, कोळसा वाचतो. त्या मालात तसं होतं का, हे एका बांगडीवरून मला सांगता येणार नाही. मी दोष वाटून टाकायचा प्रयत्न करून पाहिला, अर्धा ओलीचा, अर्धा सोड्याचा. मग लक्षात आलं, अब्बांनी पैसे अडवले ते साखरलेल्या काचेसाठी. साखरलेली काच तिथे नव्हती.

बांगड्यांच्या धंद्यात अजून असलेल्या एका नातेवाइकाकडून मी त्या व्यापाऱ्याच्या नातवाचा नंबर मिळवला. तो बांगड्या विकत नाही, विजेचे दिवे विकतो. त्याला सगळी हकीकत सांगितली, आजोबांच्या कार्डाचा फोटो पाठवला, आणि ४१२ रुपयांचे आज जितके होतात असं मला वाटलं, तितके पाठवले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. पैशांबद्दल तो काही बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, त्या कोठीत अजून ओल आहे का?

म्हटलं, कोठी पाडली. आता तिथे स्लॅब आहे. गळतो.